पडीक कोणाला म्हणता?

‘आत्या, आपट्याची जमीन नुसती पडून आहे, तिचं काहीतरी करायला नको का?’ हे वाक्य गेल्या वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. विचारणारी सगळी आपलीच माणसं. डोंबिवली, पुणे, एक फोन तर थेट न्यू जर्सीहून. आणि ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे विचारणाऱ्याच्या मनात पक्कं असतं. जेसीबी लावून साफ करा, कुंपण घाला, आणि विमानतळाची हवा आहे तोवर चांगल्या भावात काढून टाका. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. लांबलं तर बाईंचा तास समजा आणि मुकाट्याने बसा. (ह. घ्या.)

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगते. आपट्याच्या आजूबाजूला, आणि एकूणच पनवेल-पेण पट्ट्यात, जी शेतजमीन आता कोणी कसत नाही ती रिकामी नाही. तिथे रान परत येतंय आणि रानातली जनावरं, पाखरं राहायला आली आहेत. ती जागा त्यांना राहू द्यावी. आणि जो मालक राहू देतो, त्याला कायद्याचा धाक घालण्याऐवजी सरकारने चार पैसे द्यावेत. बस्स, एवढंच. पण एवढं म्हटलं तरी लोक माझ्याकडे असे बघतात की म्हातारीला ऊन लागलं असावं.

आता ‘पडीक’ हा शब्दच बघा. सातबाऱ्याच्या बारा नंबरात पिकाची नोंद असते. भात लावला तर भात. काही लावलं नाही तर ‘पड’. म्हणजे माणसाने पेरलं नाही की जमीन पडली! कुळकायद्यात, म्हणजे १९४८ च्या कायद्यात, ६५ वं कलम आहे. लागोपाठ दोन वर्षं जमीन कसली नाही आणि ती मालकाच्या हयगयीमुळे तशी राहिली, तर चौकशी करून सरकार तिचा कारभार स्वतःकडे घेऊ शकतं. १९४८ साली हे बरोबरच होतं. बंगालचा दुष्काळ होऊन पाच वर्षं झाली होती, धान्य रेशनवर होतं, तेव्हा जमीन ओसाड ठेवणं हा गुन्हाच वाटणार. पण आज त्याच कायद्याच्या राज्यात त्याच जमिनीवर बिगरशेती परवाना घेऊन सिमेंट ओतलं तर तो ‘विकास’ होतो, आणि करवंदीची जाळी वाढू दिली तर ‘हयगय’. मी चाळीस वर्षं मुलांना विरुद्धार्थी शब्द शिकवले, पण ही जोडी मला अजून कळलेली नाही.

जमीन पडीक का राहिली हेही नीट सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना वाटतं कोकणातला माणूस आळशी. आमच्याकडे जमिनीचे दोन भाग. खाली नदीच्या अंगाला भातखाचरं, वर डोंगराच्या उताराला वरकस. वरकसातून गवत, पालापाचोळा, राबासाठी टहाळ यायचा. राब भाजायचा, रोपं करायची, लावणी, कापणी, झोडणी... घरात दहा माणसं आणि गोठ्यात सहा जनावरं असतील तरच हे गणित बसतं. मग रसायनीला कारखाने आले, पाताळगंगेला एमआयडीसी आली, माणसं पाळीला जायला लागली. गुरं गेली, तेव्हा वरकसाचं कामच संपलं. (त्यातला हिंदुस्तान ऑरगॅनिकचा रसायनीचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१७ मध्ये सरकारने घेतला. म्हणजे ज्याच्यासाठी शेत सोडलं तोच पडीक झाला. त्याला मात्र कोणी हयगय म्हटलं नाही.)

आणि दुसरं कारण कोणी उघड बोलत नाही, ते म्हणजे कुळाची भीती. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, कसणारी कुळं मालक मानली गेली. ते न्याय्यच झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तेव्हापासून शहरात राहणाऱ्या मालकाने जी धास्ती घेतली ती तिसऱ्या पिढीपर्यंत उतरली आहे. कोणाला अर्धेलीने जमीन द्यायची नाही, उद्या त्याचं नाव लागेल. त्यापेक्षा पडीक बरी! अशी एकराच्या मागे एकर जमीन सत्तर वर्षांच्या भीतीने रिकामी राहिली आहे.

रिकामी म्हणजे माणसांपासून रिकामी.

आमच्या वरकसात आज काय आहे ते सांगते. ऐन, किंजळ, कुडा, पळस, मध्येच साग. करवंदं आणि तोरणं तर विचारू नका. आपट्याची झाडंही आहेत, ज्याच्या नावाचं आमचं गाव. (दसऱ्याला सोनं लुटायच्या नावाखाली या झाडाच्या फांद्या ओरबाडून पोती भरून बाजारात नेतात. त्यावर एकदा वेगळं लिहिणार आहे, आज रागाचा कोटा संपेल.) उघड्या माळावर टिटवी जमिनीवरच अंडी घालते. संध्याकाळी रातव्याचा आवाज येतो. त्याचीही अंडी पाचोळ्यात, नुसती जमिनीवर, घरटं म्हणून काही नाहीच. भारद्वाज, लावे, मुनिया, मुंगूस, ससा. भेकराचं भुंकणं. मेअखेर काजवे. ओढ्याच्या मातीच्या काठात पावसाळ्यात तिबोटी खंड्या बीळ करून पिल्लं काढतो. चिमणीएवढा पक्षी, पण रंग बघाल तर वाटेल कोणी तरी कुंकू-हळद-निळीच्या पुड्या एकदम सांडल्या. तो बघायला लोक मोठ्या कॅमेऱ्याने कर्नाळ्याला येतात.

आता कर्नाळ्याचं. ‘जनावरांसाठी अभयारण्य आहे ना, मग आपली जमीन कशाला?’ हा प्रश्न मला एका इंजिनिअर भाच्याने विचारला. कर्नाळा अभयारण्य १९६८ चं. २००३ मध्ये वाढवून ते १२.११ चौरस किलोमीटर झालं. एकरात मांडलं तर सुमारे तीन हजार. मोठा आकडा वाटतो, पण त्याच्या पोटातून मुंबई-गोवा महामार्ग जातो, एका बाजूला पनवेलची वस्ती सरकत येतेय, आणि थोड्याच अंतरावर नवी मुंबईचा विमानतळ, ज्यावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली. अभयारण्याच्या चारी बाजूंना जर नुसते बंगले आणि गोदामं झाली, तर कर्नाळा म्हणजे भर बाजारात ठेवलेली फुलदाणी होईल. भेकराला हद्दीचा दगड वाचता येत नाही. ते पाण्यासाठी खाली उतरतं, नदीकडे. आमच्या पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण खोपोलीच्या टाटांच्या वीजघरातून १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांचं पाणी तिच्यात सुटतं. डोंगर आणि नदी यांच्या मधली जागा कोणाची? अभयारण्याची नाही. आपली, सातबाऱ्यावरची, ‘पड’ लिहिलेली.

हे एकदा ध्यानात आलं की प्रश्न उलटा होतो. अभयारण्य आहे म्हणून आपल्या जमिनीची गरज नाही असं नाही. आपल्या जमिनी आहेत म्हणून अभयारण्य जिवंत आहे.

विरोधात जे बोललं जातं त्यातलं काही खरं आहे, ते टाळून चालणार नाही.

सगळ्यात खरं म्हणजे रानडुक्कर. आमच्या शेजारी एक जण अजून भात लावतो. आमच्या झाडोऱ्यात डुकरं दिवसा पडून राहतात आणि रात्री त्याच्या शेतात उतरतात. वानरं आहेतच. नुकसानभरपाई असते, नाही असं नाही. पण अर्ज, सातबारा, फोटो, पंचनामा, आणि तोवर पीक गेलं त्याची खूणही राहत नाही. शहरात बसून ‘निसर्ग राखा’ म्हणणाऱ्याने आधी या माणसाच्या खाचरात एक रात्र पत्र्याचा डबा वाजवत काढावी. म्हणून मी म्हणते, पडीक रान राखायचं तर पहिला पैसा कसणाऱ्या शेजाऱ्याला मिळाला पाहिजे, मालकाला नंतर. ज्याच्या ताटातून जनावर खातं त्याला उपाशी ठेवून केलेलं संवर्धन चार वर्षंही टिकत नाही. त्याचं पटलं नाही तर तो विजेची तार लावेल, आणि त्याला नावं ठेवायचा हक्क मला नसेल.

दुसरी गोष्ट वनखात्याची धास्ती. आमच्याकडे म्हणच पडल्यासारखी आहे, ‘झाडं वाढू देऊ नका, फॉरेस्ट लागेल.’ ही भीती मूर्खपणाची नाही. उरण तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसं गेली. त्या भागातल्या घरांत ते अजून विसरलेले नाहीत. पुढे ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वनं सरकारजमा करण्याचा कायदा लागू झाला, आणि जुन्या नोटिशांच्या जोरावर कित्येकांच्या सातबाऱ्यावर बऱ्याच वर्षांनी ‘खाजगी वन’ चढलं. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ ला गोदरेजच्या खटल्यात सांगितलं की नुसती नोटीस निघाली म्हणून जमीन वन होत नाही. पण तिथवर जायला गोदरेजांएवढा खिसा लागतो! त्यातच १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की जंगल म्हणजे शब्दकोशात जे जंगल ते, मालकी कोणाचीही असो. हेतू उत्तम होता. परिणाम काय झाला? रान उगवायच्या आधीच मालक ते साफ करायला लागला. फेब्रुवारी-मार्चमध्ये माळ पेटतात ते सगळे काही विडीच्या थोटकाने पेटत नाहीत. आणि नेमके तेच दिवस टिटवीच्या आणि रातव्याच्या अंड्यांच्या तोंडावरचे.

म्हणजे जो झाडं तोडत राहतो त्याची जमीन सुरक्षित, आणि जो वाढू देतो त्याची धोक्यात. असा कायदा जंगल वाढवत नाही, काडेपेटी वाढवतो.

वन्यजीव कायद्यात २००२ ची दुरुस्ती झाली तेव्हा ‘समुदाय राखीव क्षेत्र’ नावाची सोय आली, कलम ३६-क. एखाद्या गावाने किंवा एकट्या माणसानेही स्वतःहून खाजगी जमीन द्यायची म्हटलं तर ती जाहीर करता येते, मालकी जात नाही. वाचायला छान. पण एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव हवा आणि राज्य सरकारची मंजुरी हवी. मुदत नाही, परतीची वाट नाही. ज्या माणसाला आधीच ‘फॉरेस्ट लागेल’ची भीती आहे तो आपण होऊन ही सही करेल? मी जनावरांच्या बाजूची आहे, मीसुद्धा दोनदा विचार करेन.

मग मार्ग काय, तर मुदतीचा करार. हे काही मी स्वप्नात पाहिलेलं नाही. अमेरिकेत १९८५ च्या शेतीकायद्यापासून सरकार शेतकऱ्याला दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने भाडं देतं, कशासाठी, तर शेतातला काही भाग न पेरता गवता-झाडांना सोडण्यासाठी. जमीन त्याची, मुदत संपली की तो मोकळा. न्यू जर्सीकरांनी तिकडे चौकशी करावी, कारण मला फोनवर ‘असं कुठे असतं का’ असं ऐकवण्यात आलं होतं!

आणि आपल्या राज्यातही आहे. विदर्भात उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याच्या कडेला गोठणगावात सँक्च्युअरी नेचर फाउंडेशनने ‘कोकून’ नावाचा प्रयोग केला. जनावरांमुळे परवडत नसलेली शेतं शेतकऱ्यांनी एकत्र करून रानाला सोडली, मालकी त्यांचीच, आणि पिकाऐवजी उत्पन्न जंगलातून. रत्नागिरीत संगमेश्वर तालुक्यात पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था खाजगी जंगलांच्या मालकांशी करार करते. तोडायचं नाही, त्याचा मोबदला घ्यायचा. तीच संस्था आपल्या रायगडात खारेपाटातही आली. तिथे शिलोत्रीचे बांध फुटले, खांडी गेल्या, भातशेतात खारं पाणी शिरलं आणि तिवरं उगवली. शेतकऱ्याच्या हाती काहीच नाही. भात नाही, आणि २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून तिवरं तोडताही येत नाहीत. तिथल्या कांदळवनांच्या कामासाठी २०२१ मध्ये ॲपल कंपनीने पैसे दिले. म्हणजे मोबाईलवाल्याला जे कळलं ते आमच्या महसूल खात्याला कळायला किती वर्षं लागणार?

‘निसर्गप्रेमींनी विकत घ्यावी की जमीन’ असंही एकाने सुचवलं. बाळा, कुळकायद्याचं ६३ वं कलम वाच. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. तेव्हा ज्यांची नावं लागली आहेत त्यांनीच करायचं आहे. आपल्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातलं एक माझं. भाऊ गेल्यावर मला हक्कसोड करायला सांगितलं गेलं होतं, मी केलं नाही. तेव्हा तुम्हाला वाटलं आत्याला पैशाचा मोह सुटला. आता कळलं असेल कशाचा सुटला ते.

खर्चाचं म्हणाल तर सांगा, जमीन ‘पोसायला’ वर्षाला किती लागतात? शेतसारा किती भरतो आपण? तेवढ्यात पनवेलला दोन वडापाव येत नाहीत.

आणि कृपा करून ‘मग झाडं लावू या’ म्हणू नका. २०१९ मध्ये राज्यात तेहतीस कोटी झाडांचा संकल्प झाला, खड्डे खणले, फोटो झाले. जिथे रान आपणहून उगवतंय तिथे खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावणं म्हणजे लेकराचं पोट भरलेलं असताना त्याच्या तोंडात बाटली कोंबणं. उघडा गवताळ माळही हवा. टिटवी आणि चंडोल सावलीत राहत नाहीत. काढायची असेल तर रानमोडी काढा, घाणेरी काढा. ती बाहेरून आलेली झुडपं खरोखर सगळं गिळतात. नुसतं हात बांधून बसा असं माझं म्हणणं नाही, पण काम कुदळीचं आहे, जेसीबीचं नाही.

दुसरं एक, कुंपण नको. वाडीवरच्या कातकरी बाया त्या रानातून शेवळं, कंटोली, करवंदं, सुकलेला फाटा नेतात. त्यांच्या आज्या नेत होत्या. आपण सत्तर वर्षं फिरकलो नाही, तेव्हा ते रान ओळखीचं राहिलं ते या बायांमुळे. जनावरांसाठी जागा राखतो म्हणून माणसांची वाट बंद करणारे बरेच फार्महाऊसवाले पाहिले. गेटवर मोराचं चित्र आणि आत लॉन. असलं संवर्धन मला नको.

पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं गाव. भूदानात त्यांनी जमिनीचा सहावा हिस्सा मागितला, तेव्हा कित्येकांनी कातळ आणि खडकाळ माळ देऊन हात झटकले. भूमिहीनाला तो कातळ काय कामाचा? पण साळिंदराला आणि टिटवीला चालतो. मी तुमच्याकडे तेवढंच मागते आहे. सुपीक खाचर नको, ते ज्याला कसायचं त्याने खुशाल कसावं, मला आनंदच आहे. वरचं वरकस द्या, आणि देऊन टाकू नका, दहा वर्षं नुसतं राहू द्या. पैसे सरकारने द्यावेत, विमानतळ आणि रस्त्यांसाठी ज्यांनी डोंगर फोडले त्यांच्याकडून घेऊन द्यावेत, यासाठी मी ग्रामसभेत अर्ज दिला आहे. वाचून दाखवला तेव्हा एक-दोघे हसले. एकाने मात्र नंतर येऊन विचारलं, ‘बाई, मुदत संपली की खरंच जमीन आपलीच राहते ना?’ मसुदा त्याच्याकडे देऊन आले.

भाचे-पुतण्यांनो, विक्रीच्या कागदावर माझी सही मिळणार नाही, त्यामुळे एजंटला पुन्हा पाठवू नका. त्याच्या चहाचा खर्च मलाच पडतो. मार्चच्या आत वरकसाच्या कडेने सहा हात रुंदीची पट्टी गवत कापून मोकळी करायची आहे, म्हणजे शेजारून वणवा आला तर आत शिरणार नाही. त्याला दोन गडी लागतील, पैसे सगळ्यांनी वाटून घ्यायचे. रानमोडी जुलैत, जमीन ओली असताना, मुळासकट निघते. फुलावर यायच्या आत काढावी लागते. ज्यांना यायचं असेल त्यांनी जुने बूट घालून यावं. आपटा स्टेशनला उतरल्यावर ‘दिलवाले दुल्हनिया’चा फोटो काढण्यात अर्धा तास घालवू नये, कारण माझी भाकरी गार होते.